सतरावा प्रश्न

माझ्या खोलीच्या दारावर ‘दार वाजवून आत या’ अशी पाटी आहे. ती मी स्वतः लावली, स्वतःच्या हाताने, चार स्क्रू मारून. हॉस्पिटलचे अधिष्ठाते दार वाजवून येतात. चहावाला वाजवून येतो. आठ वर्षांत या पाटीला भीक घातली नाही ती फक्त आमच्या वकीलबाईंनी.

वकीलबाईंचा कायद्याशी काडीचा संबंध नाही; हे नाव पडलं ते त्यांच्या उलटतपासणीमुळे. त्या आमच्या एमआरआय विभागाच्या टेक्निशियन आहेत. पेशंटला मशीनमध्ये सरकवायचं, बाहेर काढायचं आणि डोक्याची चित्रं माझ्या पडद्यावर पाठवायची, हे त्यांचं काम. ती चित्रं बघून रिपोर्ट लिहायचा, हे माझं. म्हणजे माणूस त्यांच्या वाट्याला आणि त्याचा मेंदू माझ्या. ही वाटणी मला फार पसंत होती. मेंदू रडत नाही, ‘काही गंभीर नाही ना’ म्हणून हात धरत नाही. खरं सांगायचं तर मी या शाखेत आलोच मुळी माणसं चुकवायला.

वकीलबाईंचं उलट होतं. त्यांना माणसं चघळायला लागायची. मशीनमध्ये जबरदस्त चुंबक असतो, म्हणून आत जाण्याआधी पेशंटकडून एक फॉर्म भरून घेतात. त्यात सोळा छापील प्रश्न. अंगात कुठे धातू आहे का, पेसमेकर आहे का, दातांची कवळी आहे का, वगैरे. लोक सोळाच्या सोळा ठिकाणी ‘नाही’वर खूण करून मोकळे होतात. वकीलबाईंचा त्या खुणांवर काडीचा विश्वास नव्हता. एका आजींनी असाच सगळीकडे ‘नाही’ असा फॉर्म भरून दिला. बाईंनी फॉर्मकडे बघितलंसुद्धा नाही. “आजी, कपाटाची किल्ली माझ्याकडे द्या. सुनेला नाही सांगत,” म्हणाल्या. आजींनी सुनेची पाठ वळल्याची खात्री करून घेतली आणि कमरेला खोचलेली किल्ली काढून निमूटपणे त्यांच्या हातावर ठेवली.

“तुम्हाला कसं कळलं?” मी विचारलं होतं.

“कळलं कुठे? मी धरून चालले. डॉक्टर, विचारलं की माणूस उत्तर तयार करतो. धरून चाललं की नुसतं दुरुस्त करतो.”

ही विद्या त्यांना आईकडून मिळाली. घरात सात भावंडं. डब्यातली साखर कमी झाली की त्यांची आई ‘कोणी खाल्ली’ असं कधी विचारायची नाही. ‘ज्याचे हात चिकट झालेत त्याने धुऊन घ्या, मुंग्या लागतील’ एवढंच म्हणायची, आणि एक जण उठायचा. पुढे लग्न झालं ते पोस्टात नोकरी करणाऱ्या एका गृहस्थांशी. हे गृहस्थ कामापुरते पोस्टात आणि घरी कायमचे मौनात. बोलायला कोणी नाही म्हटल्यावर बाईंनी सगळी भूक हॉस्पिटलात भागवली, असं माझं निदान आहे. ते मी त्यांना कधी सांगितलेलं नाही, कारण मला अजून काही वर्षं तिथे काम करायचं आहे.

डाव नेहमी जमायचाच असं नाही. एकदा एका तरण्याताठ्या जावयाला त्यांनी “परवा पडलात तेव्हा डोक्याला मार लागला होता ना?” असं धरून चालून विचारलं. त्याने भडाभडा सांगून टाकलं, की हो, प्यायला होता, जिन्यावरून पडला आणि पडताना कुंडी फोडली. सासूबाई शेजारच्याच खुर्चीवर होत्या. गेले दोन दिवस त्या कुंडीचा आळ मांजरावर होता.

मी या विभागात रुजू झालो तेव्हा माझी मान जरा ताठच होती. परीक्षेत पहिला आलो होतो, आणि ते मी लोकांच्या लक्षात राहील याची काळजी घेत असे. आणि या बाई दार न वाजवता आत यायच्या, अंधारात माझ्या खांद्यामागे उभ्या राहायच्या आणि म्हणायच्या, “त्यांची जीभ कडेला चावलेली आहे हो. आणि उजवं कोपर सोललंय. फॉर्मवर पेन्सिलीनं लिहिलंय, बघा.”

त्यांचा रोख असायचा फिटकडे. आकडी म्हणा, झटका म्हणा. मेंदूत गाठ असलेल्या पेशंटना फिट येतात, यात नवीन काही नाही. नवीन असतं ते पुढचं. फिट येते तेव्हा मेंदूचा तेवढा भाग वेड्यासारखा काम करतो, तिथे रक्त धावतं, तो फुगतो, आणि नंतर काही दिवस, कधी काही आठवडे, तसाच दमून राहतो. त्या दिवसांत स्कॅन काढला तर तो भाग पांढरा चमकतो. आणि गाठ परत वाढायला लागली, तरी पांढरंच चमकतं. दोन्हीत फरक करता येतो, पण दरवेळी नाही, आणि काल फिट आली होती हे कोणी सांगितलंच नाही तर फारच कमी वेळा. हे सगळं मला पुस्तकातून पाठ होतं. पण परीक्षेत पहिला आलेल्या माझ्यासारख्याला ते एका टेक्निशियनने पेन्सिलीने शिकवावं? माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. स्कॅनसाठी पाठवलेल्या चिठ्ठीवर सर्जनने फिटबद्दल लिहिलं नसेल तर फिट नाही, असा माझा सरळ हिशेब होता.

शेवटी एक दिवस मी लेखी सूचना काढली. ‘टेक्निशियनने फॉर्मवरील छापील प्रश्नांखेरीज पेशंटला काहीही विचारू नये व फॉर्मवर पेन्सिलीने काहीही लिहू नये.’ खाली सही, शिक्का.

बाईंनी ती दोनदा वाचली. मग त्या बाजारात गेल्या, प्लास्टिकमध्ये पक्की करून आणली आणि आपल्या मशीनच्या खोलीत, बरोबर पेशंटच्या नजरेसमोर लावली. दुसऱ्या दिवसापासून त्या सोळा प्रश्न बातम्या वाचल्यासारखे वाचू लागल्या. एक शब्द जास्त नाही, एक कमी नाही. माझ्या खोलीत येणंही बंद. मी म्हटलं, चला, जिरली. सुखाने तीन आठवडे काढले. चौथ्या आठवड्यात मास्तर आले.

मास्तर म्हणजे पोहण्याचे मास्तर. गावातल्या तलावावर गेली बावीस वर्षं मुलांना पोहायला शिकवत होते. मी नाही शिकलो, पण माझी दोन्ही मुलं त्यांच्याच हाताखाली बुडता बुडता तरली. दीड वर्षापूर्वी त्यांच्या मेंदूतली गाठ काढली होती, डाव्या बाजूची, वाचेच्या जागेला खेटून. त्यानंतरचे सगळे स्कॅन स्वच्छ होते. हा नेहमीचा, दर चार महिन्यांनी करायचा.

चित्रं पडद्यावर आली आणि मी खुर्ची पुढे ओढली. जिथून गाठ काढली होती त्या खड्ड्याच्या पुढे मेंदूच्या वळ्यांना लागून एक पांढरी किनार चमकत होती, रुमालाला शिवतात तशी. एका ठिकाणी ती चांगली जाड होती. चार महिन्यांपूर्वी तिथे काहीसुद्धा नव्हतं. चिठ्ठीवर फिटचा उल्लेख नाही. मी माइकवर रिपोर्ट बोलायला सुरुवात केली. ‘गाठ पुन्हा वाढल्याची चिन्हं.’ गुरुवारी सर्जनची बैठक असे. या एका वाक्यावर गुरुवारी मास्तरांचं डोकं पुन्हा उघडायचं ठरलं असतं. वाचेच्या जागेला खेटून.

तेवढ्यात दाराखालून एक कागद आत सरकला. त्यावर बाईंचं टपोरं अक्षर : ‘मला छापील प्रश्नांपलीकडे विचारायची परवानगी नाही. तुम्हाला आहे.’

मी तणतणत उठलो. मास्तर बाहेर बाकावर बसले होते, हातात स्कॅनच्या इंजेक्शनची नळी अजून तशीच. शेजारी त्यांची बायको, मांडीवर पिशवी घट्ट धरून. मी उभ्या उभ्याच विचारलं, “मास्तर, मध्यंतरी फिटबिट आली नव्हती ना?”

“छे! कधीच नाही. पहिल्यांदा आली होती ती ऑपरेशनच्या आधी. त्यानंतर एकदम ठणठणीत.”

बायको पिशवीच्या बंदाकडे बघत होती. मी परत आलो. बाई आपल्या काचेमागे बसल्या होत्या.

“विचारलं,” मी म्हटलं. “नाही म्हणाले.”

“तुम्ही विचारलं नाहीत, डॉक्टर. तुम्ही उत्तर सांगितलंत आणि त्यांनी मान डोलावली.”

“मग तुम्ही विचारा!”

बाईंनी हनुवटीने भिंतीवरची प्लास्टिकची सूचना दाखवली. मी म्हटलं, ती मी मागे घेतो. “तोंडी?” त्या म्हणाल्या. “तोंडी आदेशावर मी कधी काम केलेलं नाही.” बाहेर एका माणसाचं डोकं उघडायचं की नाही याचा प्रश्न, आणि मी एका कोऱ्या कागदावर लिहितोय, ‘दिनांक अमुकची सूचना याद्वारे रद्द करण्यात येत आहे.’ त्यांनी शिक्काही मारून घेतला. इतकी नाचक्की माझी आजवर झाली नव्हती, आणि ती मला पुरेपूर पोचत होती.

मग त्या कापसाचा बोळा घेऊन बाहेर गेल्या. मास्तरांच्या हातातली नळी काढली, बोळा दाबून धरला. मास्तरांकडे पाहिलंसुद्धा नाही. बायकोला म्हणाल्या, “वहिनी, उशीच्या अभ्र्याचे डाग गार पाण्यात भिजवायचे हं. गरम पाणी घातलं की रक्त पक्कं बसतं.”

“गारच घातलं हो,” वहिनी म्हणाल्या. “दोन्ही वेळेला. तरी पिवळट राहिलंच थोडं.”

मास्तरांनी वळून बायकोकडे बघितलं. वहिनींच्या हातातून पिशवी घसरली आणि त्या रडायला लागल्या. दोन फिट आल्या होत्या. एक आठ दिवसांपूर्वी, एक कालच पहाटे. दोन्ही झोपेत. जीभ चावली, रक्त उशीवर आलं, आणि मास्तरांनी बायकोला पोरांची शपथ घातली होती. ती चावलेली जीभ बाईंनी सोळा प्रश्न वाचतानाच हेरली होती.

“का लपवलंत?” मी विचारलं. खरंच मला कळत नव्हतं.

मास्तर माझ्यावर असे खेकसले, जसे उथळ पाण्यात उडी मारणाऱ्या पोरावर खेकसत असतील. “का म्हणजे? पाण्यात उतरायला वर्षभर फिट नसल्याचं डॉक्टरांचं पत्र लागतं. पाण्यात फिट आली तर मी बुडेन, आणि हातात पोर असेल तर पोरही. कळतं मला ते. त्या नियमाने वर्ष काढलं काठावर. आत्ता कुठे दोन महिने झाले परत उतरून. आता पुन्हा वर्ष?” मग आवाज खाली आला. “गाठ परवडली असती, डॉक्टर. गाठीवाल्याला निदान कोणी काठावर तर बसवत नाही.”

मी आत गेलो आणि बोललेला रिपोर्ट पुसला. नवा लिहिला : ‘हा बदल अलीकडच्या फिटमुळे असू शकतो. गाठ वाढली असण्याची शक्यता नाकारता येत नाही. फिट आटोक्यात आणून सहा आठवड्यांनी पुन्हा स्कॅन करावा.’ सर्जनचा ताबडतोब फोन आला. ‘असू शकतो’ आणि ‘नाकारता येत नाही’ हे दोन शब्दप्रयोग त्यांना मनापासून नावडते. पण मी पहिल्यांदाच पेशंटशी बोलून रिपोर्ट लिहिला होता, म्हणून मीही हटलो नाही. त्यांनी औषध वाढवलं आणि थांबायचं कबूल केलं.

ते सहा आठवडे मला कुठल्या तोंडाने सांगू? गाठच असली तर मी तिला सहा आठवडे मोकळं रान दिलं होतं. वकीलबाई वरवर तशाच होत्या, सगळ्यांच्या चौकशा चालू. पण रोज जेवणाच्या सुट्टीत त्या मास्तरांचे जुने स्कॅन उघडून बसतात, हे मी काचेतून दोनदा पाहिलं. वाचता येत नव्हते त्यांना. नुसत्या बघत बसायच्या.

सहा आठवड्यांनी चित्रं आली आणि किनार नाहीशी झालेली होती. धुऊन काढल्यासारखी, पिवळटसुद्धा राहिलं नव्हतं. माझा जीव भांड्यात पडला. मी बाहेर जाऊन मास्तरांचा हात हातात घेतला. पेशंटचा हात मी नोकरीत पहिल्यांदाच घेतला होता, तो किती वेळ धरायचा असतो हेही मला माहीत नव्हतं. वहिनींनी वकीलबाईंना मिठी मारली. मास्तर मात्र बाईंशी एक शब्द बोलले नाहीत. डोकं वाचलं होतं, पण पाणी गेलं होतं, आणि ते कोणी घालवलं हे ते विसरणार नव्हते.

मग बाईंनी जे केलं ते त्याच करू जाणोत. वयाच्या छपन्नाव्या वर्षी त्यांनी तलावावर सकाळी सातच्या बायकांच्या वर्गात नाव घातलं. मास्तर आता काठावरून शिकवत, हातात लांब काठी घेऊन, आणि पाण्यात त्यांचा मदतनीस असे. बाईंना बघून मास्तरांनी काठी आपटली म्हणे. “तुम्ही कशाला आलात?”

“बुडायला. तुम्हालाही राग कुठेतरी काढायला नको का?”

मी एकदा मुद्दाम बघायला गेलो. मला आयुष्यात इतकं समाधान क्वचित मिळालं असेल. माझ्या पाटीला न जुमानणाऱ्या बाई कंबरभर पाण्यात कडेच्या नळीला दोन्ही हातांनी गच्च धरून उभ्या होत्या आणि मास्तर वरून ओरडत होते. “सोडा हात! अहो सोडा! लाकडाचा ओंडका तरंगतो, तुम्हाला काय धाड भरलीय?” बाई तिथूनही म्हणाल्या, “मास्तर, काल औषध घेतलंत का?” मास्तर म्हणाले, “आधी तोंड पाण्यात घाला.” चौथ्या महिन्यात बाई तरंगल्या. तोवर मास्तर त्यांच्याशी बोलायला लागले होते. स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर मास्तर रोज एक फुली मारतात, हे बाईंनी वहिनींकडून काढून घेतलं होतं. तीनशे पासष्ट फुल्या झाल्या की पाणी.

तोपर्यंत आमच्या फॉर्ममध्येही बदल झाला होता. मी अधिष्ठात्यांकडे खेटे घालून एक प्रश्न वाढवून घेतला. सतरावा. ‘शेवटची फिट कधी आली?’ ‘आली होती का’ नव्हे, ‘कधी आली’. शब्द बाईंचे, सही माझी. जुनी प्लास्टिकची सूचना मात्र त्यांनी भिंतीवरून काढलेली नाही. मी किती विनवण्या केल्या. ‘राहू दे, शोभा आहे,’ म्हणतात.

अकराव्या महिन्यात मास्तर नेहमीच्या स्कॅनला आले. औषध कमी झालं नव्हतं, तब्येत उत्तम, तीनशे तीस फुल्या झाल्या होत्या. मी पडद्यासमोर बसून वाट बघत होतो. आणि माझ्या दारावर टकटक झाली.

“या,” मी म्हटलं. कोणी आलं नाही. पुन्हा टकटक. उठून दार उघडलं तर वकीलबाई उभ्या. आठ वर्षांत पहिल्यांदा त्यांनी दार वाजवलं होतं. त्यांनी फॉर्म माझ्या हातात दिला.

सोळा ठिकाणी ‘नाही’. सतराव्यापुढे मास्तरांच्या गिचमिड अक्षरात लिहिलं होतं : ‘गेल्या मंगळवारी सकाळी, बाथरूममध्ये. दार बंद होतं. कोणालाही माहीत नाही.’

“तुम्ही काय विचारलंत त्यांना?” मी म्हटलं.

“काहीच नाही. वहिनी बाटली भरायला गेल्या होत्या. मी पेन दिलं फक्त.” बाईंनी दार लोटून घेतलं. “ते बराच वेळ पेन हातात धरून बसले होते, डॉक्टर.”

मी चित्रं उघडली. त्याच जागी, मेंदूच्या वळ्यांना लागून, एक बारीक पांढरी किनार चमकत होती. फॉर्म समोर नसता तर मी काय लिहिलं असतं, ते मला नीट ठाऊक आहे. मी लिहिलं, ‘सहा आठवडे थांबावं.’ सहा आठवड्यांनी ती किनार पुन्हा पुसली गेली, तेही आत्ताच सांगून टाकतो, उगाच ताणत नाही.

त्या दिवशी मी बाहेर आलो तेव्हा मास्तर बाकावर बसले होते. वहिनी बाटली घेऊन परत येत होत्या, त्यांना अजून काही कळलं नव्हतं.

“दिसलं का काही?” मास्तरांनी विचारलं.

“दिसलं. पण का दिसलं ते तुम्ही आधीच लिहून ठेवलंय.”

त्यांनी मान हलवली. मग बायकोकडे बघून म्हणाले, “अगं, घरी गेल्यावर कॅलेंडर उतरव. पुन्हा एकपासून मोजायचं आहे.” वहिनी जागच्या जागी उभ्या राहिल्या. त्यांनी बाटलीचं झाकण लावलं, उघडलं, परत लावलं.

वकीलबाई मास्तरांच्या शेजारी जाऊन बसल्या. मला वाटलं, आता काहीतरी विचारतील. त्यांनी काहीच विचारलं नाही.

“उद्या सातला येते,” त्या म्हणाल्या. “खोल बाजूला उतरायचं म्हणते. तुम्ही काठी घेऊन उभे राहा.”